खालच्या मजल्यावरचा मिडफिल्डर

आमच्या घरात त्याला 'खालचा' म्हणत. तो खालच्या मजल्यावर राहायचा आणि त्याचं नाव आमच्या जिभेवर काही बसेना, म्हणून. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत आमची विटांची दुमजली इमारत होती. वर मी आणि बायको, खाली तो आणि त्याची बायको. युगोस्लाव्हियातला बोस्नियन, तिशी ओलांडलेला, धंद्याने फुटबॉलपटू, जागा मिडफिल्डरची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. त्याचं करिअर मी संपवलं असं म्हटलं तर ते जास्त होईल. त्याचा गुडघा मी नाही संपवला. पण गुडघा संपल्यावर त्याच्या हातात जे काही उरलं असतं ना, ते मी घालवलं. हे मी कुणाशी बोलत नाही. बायकोशी एकदा बोललो, तर ती म्हणाली, "अहो, पुरे आता," आणि उठून गेली.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी मिरजेला हाडांचा डॉक्टर होतो. चांगला होतो, उगाच नम्रपणा कशाला करू? अमेरिकेत आलो तर बाहेरच्या डॉक्टरला सर्जरीत कोण उभं करतो! रिहॅबमध्ये जागा मिळाली. म्हणजे दुसऱ्याने कापायचं आणि मी पेशंटला चालायला शिकवायचं. माझे हात शिवशिवायचे आणि डोकं तापलेलं असायचं. घरी आलो की भांडायला कारण शोधायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला कुणीतरी एक मोडलेला पाय आणून द्या रे, म्हणजे हे शांत बसतील."

तर खालचा राहायला आला तेव्हा माझी कळी जरा खुलली. त्याची बायको पितळी नळीच्या हातचक्कीत कॉफी दळायची, त्याचा घरघर आवाज वर यायचा. पहिल्या आठवड्यातच ती पालक घातलेल्या खारीसारख्या पापुद्र्यांचं काहीतरी ताटभर घेऊन वर आली. माझ्या बायकोने साबुदाण्याची खिचडी दिली. दोघींचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण दोघींनी मिळून शोधून काढलं की साबणाला त्यांच्याकडेही जवळपास साबणच म्हणतात आणि दुश्मनाला दुश्मन. त्यावर दोघी इतक्या हसल्या की मी आतून ओरडलो, काय झालं म्हणून. अशी ओळख वाढली.

त्याच्याकडे कात्रणांचा एक जाडजूड आल्बम होता. रविवारी दुपारी तो घेऊन वर यायचा आणि मला दाखवायचा. माझी बायको चहा ठेवताना म्हणायची, "ह्यांना काय दाखवताय? ह्यांना कॉलेजात गोलमध्ये उभं करायचे, कारण पळता यायचं नाही!" तो हसायचा, पण दाखवायचा थांबायचा नाही. नदीकाठचं पोलादाच्या कारखान्याचं गाव. बाप भट्टीवर. सोळाव्या वर्षी क्लबात घेतलं आणि पुढची बारा वर्षं तो त्याच एका क्लबाकडून खेळला. गोल त्याने फार केले नाहीत. फोटोत गोल करणारा उड्या मारतोय आणि हा कुठेतरी मागे, कमरेवर हात ठेवून उभा. "बॉल मी दिला होता," तो फोटोवर बोट ठेवून सांगायचा. दर फोटोला तेच.

तेविसाव्या वर्षी एका जर्मन क्लबाची माणसं त्याला बघायला आली होती. पण त्यांच्या देशात तेव्हा नियम होता, अठ्ठावीस पुरी झाल्याशिवाय खेळाडूने परदेशात खेळायला जायचं नाही. हा थांबला. अठ्ठावीस पुरी झाली तेव्हा जर्मनांना बाविशीतला कुणीतरी हवा होता. मग आली अमेरिका. इथे दोन सीझन मोठ्या मैदानावर खेळला, तोवर त्याची टीमच बंद पडली. शेवटी इनडोअर टीमने घेतलं, म्हणून तो शिकागोत.

ते इनडोअर मी एकदा त्याच्याबरोबर जाऊन पाहिलं. आइस हॉकीचं रिंगण असतं ना, त्या बर्फावर फळ्या घालायच्या, वर हिरवं कार्पेट अंथरायचं आणि सहा-सहा जणांनी खेळायचं. बाहेर जाणारा बॉल कठड्यावर आपटून परत आत. ऑर्गन वाजतोय, लोक पॉपकॉर्न खातायत, दर दोन मिनिटांनी खेळाडू बदलतोय. सगळं धाडधाड. परत येताना गाडीत त्याने मला विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मिडफिल्ड पाहिलंत का?" मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही. तो म्हणाला, "कळायचं काही नाही. तिथे मिडफिल्डच नाही. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत माझं स्वयंपाकघर मावेल एवढी जागा. मी तिथे काय करतो, मलाच माहीत नाही." मला फार वाईट वाटलं. हातातलं कसब असून ते वापरायला जागा नसणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या कार्पेटखाली फळ्या आणि फळ्यांखाली बर्फ. गुडघ्याचं काय होणार? त्याचा उजवा गुडघा ऑक्टोबरातच सुजायला लागला. टीमचा डॉक्टर गुडघ्यातलं पाणी काढायचा, वर एक सुई टोचायचा आणि त्याच दिवशी प्रॅक्टिसला पाठवायचा. आमच्याकडे वर येताना खालचा कठड्याला धरून जिना चढायला लागला. मी वरून ते ऐकायचो. एक पाय जोरात, एक पाय ओढत.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी दुपारी तो वर आला, काखेत मोठं पाकीट. एक्स-रे. ट्रेनरकडून मागून आणले होते. खुर्चीत न बसता म्हणाला, "डॉक्टर, टीमचा डॉक्टर मालकाचा माणूस आहे. तुम्ही माझे. खरं सांगा. गावच्या क्लबाने निरोप पाठवलाय. ज्युनियर टीमला कोच हवाय, पहिलं नाव माझं आहे. नव्या वर्षाच्या आत हो म्हणायचं. पायात अजून दोन वर्षं असतील तर मी इथे खेळतो. नसतील तर आजच फोन करतो आणि घरी जातो. पोरांना शिकवेन, मला आवडेल ते. फक्त एवढं सांगा, आहेत का दोन वर्षं?"

याहून सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल.

मी फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली. बाहेर बर्फ पडून गेलेला, लख्ख उजेड. गुडघ्याच्या दोन हाडांमध्ये जी फट दिसायला हवी, ती आतल्या बाजूला नव्हतीच. हाडावर हाड. एकतीस वर्षांच्या माणसाचा गुडघा साठीच्या हमालाचा दिसत होता. दोन वर्षं सोडा, दोन आठवडे खेळणं पाप होतं. त्याच दिवशी थांबला असता तर निदान धड चालला असता, पोरांच्या मागे मैदानावर हळूहळू पळलाही असता. मला ते एका नजरेत दिसलं. सांगितलं ना, मी चांगला डॉक्टर होतो.

आणि मी वळून म्हणालो, "बघू. जरा विश्रांती घ्या. मनाला लावून घेऊ नका."

का म्हणालो? आता ऐका. आमच्याकडे डॉक्टर पेशंटच्या तोंडावर वाईट सांगत नाही. पेशंटच्या पाठीवर थाप मारायची, "काही नाही हो, होईल बरं" म्हणायचं, आणि मग बाहेर व्हरांड्यात घरच्यांना बोलावून खरं काय ते सांगायचं. मिरजेत मी शेकडो वेळा हेच केलं. माझ्या स्वतःच्या वडिलांना कॅन्सर आहे हे मी डॉक्टरला सांगू दिलं नव्हतं. अल्सर, अल्सर म्हणत आम्ही त्यांना पोचवलं. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. पेशंटचा धीर खचू नये, एवढंच. निर्णय घरचे घेतात. पद्धतच ती. अमेरिकेत येऊन मला सात वर्षं झाली होती, हॉस्पिटलात मी इथल्यासारखं बोलायचो. पण घरात, चपला घालून, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभा होतो, आणि तोंडातून मिरज बाहेर आली.

हे झालं पद्धतीचं. पण सगळं पद्धतीवर ढकलणं सोयीचं आहे, आणि मला आता सोय नको. तो माझा पेशंट नव्हता, टीमच्या डॉक्टरच्या कामात नाक खुपसलं म्हणून माझ्यावर बालंट आलं असतं, हेही डोक्यात होतंच. शिवाय त्याचा चेहरा. भित्रा होतो मी, दुसरं काय?

तो गाडीवरचा बर्फ काढायला खाली गेला. तेवढ्यात त्याची बायको रिकामं ताट न्यायला आली. मी तिला खिडकीपाशी बोलावलं, फिल्म दाखवली आणि सगळं सांगितलं. अगदी सगळं. हाडावर हाड, खेळ संपला, आत्ताच घरी जायला हवं. योग्य वेळ बघून तुम्हीच त्यांना सांगा, म्हटलं. तिने विचारलं, "त्याला का नाही सांगितलं?"

"आमच्याकडे घरच्यांना सांगतात," मी म्हणालो.

"मी सांगू?" ती म्हणाली. मी मान डोलावली. तिनेही डोलावली. ती ताट घेऊन गेली आणि मला, खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. माझं काम झालं होतं. मी चहा मागितला.

पुढचे पाच आठवडे मी गृहीत धरून चाललो की तिने सांगितलंय. तो प्रॅक्टिसला जात होता. मला वाटलं, हट्टी आहे, आहेत ते शेवटचे दिवस खेळून घेतोय. जिन्यात भेटला की अंगठा वर करायचा, "विश्रांतीने फरक पडला, डॉक्टर!" म्हणायचा. अरे गाढवा, तेव्हा तरी ट्यूब पेटायला हवी होती तुझी! जो माणूस आपलं सगळं संपलंय हे ऐकून बसलाय, तो अंगठा वर करतो का? पण मी मूग गिळून बसलो. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

ख्रिसमस झाल्यावर दोन दिवसांनी तो वर आला, हातात बाटली. "फोन केला," म्हणाला. "नाही म्हणून सांगितलं. माझ्याबरोबर खेळायचा एक जण होता, त्याला देतायत ते काम. चांगला माणूस आहे. मी म्हटलं, माझ्या पायात अजून दोन वर्षं आहेत. माझा डॉक्टर म्हणाला." आणि माझ्या ग्लासात ओतलं.

अजूनही वेळ होता. नवं वर्ष उजाडायला चार दिवस होते. तो परत फोन करू शकला असता. मी समोर बसून त्याची दारू प्यालो आणि बोललो नाही. माझी बायको माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तो गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही आत्ताच्या आत्ता खाली जा."

मी गेलो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, तो प्रॅक्टिसला गेल्यावर. म्हणजे परत घरच्यांकडेच. त्याची बायको दार उघडून उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं नाहीत? ती म्हणाली, "तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. त्याला म्हणालात, विश्रांती घे. मला म्हणालात, संपलं. डॉक्टर एकच, गोष्टी दोन. मला जी बरी वाटली ती मी खरी मानली." मग तिला रडू फुटलं. "बारा वर्षं मी त्याला खेळताना बघितलंय. मी कशी सांगू? तुम्ही परके, तुम्हाला सोपं होतं. तुम्ही का नाही सांगितलं?"

आम्ही ठरवलं की दोघांनी मिळून सांगायचं. शनिवारी मॅच होती. मॅचच्या आधी नको, ती म्हणाली, आणि मीही लगेच हो म्हटलं. रविवारी सांगू. फोन करायला तरी एक दिवस उरेल. असा हिशोब!

शनिवारी आम्ही तिघं मॅचला गेलो, मी, माझी बायको आणि ती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने बॉल घेतला आणि वळला. जवळ कुणी नव्हतं. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. तो फक्त वळला आणि पाय मागेच राहिला. खाली पडल्यावर तो ओरडलासुद्धा नाही. ऑर्गन वाजतच होता, वाजवणाऱ्याला बहुतेक दिसलं नसावं. त्याची बायको उठली नाही. तिने माझ्या बायकोचा हात धरला, आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. सर्जन तरुण होता, अमेरिकन. त्याने उभ्याउभ्या, दोन मिनिटांत त्याला तोंडावर सांगितलं की खेळणं संपलं आणि लंगडणं कायमचं राहील. वर हेही म्हणाला, हे आजचं नाही, आधीचा एक्स-रे ज्याने कुणी पाहिला असेल त्याला हे दिसलं असणारच.

तो घरी आल्यावर मी खाली गेलो. पाय उशीवर, कुबड्या भिंतीला. त्याची बायको ओट्याशी काहीतरी चिरत होती. त्याने शांतपणे विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी खिडकीत तुम्हाला हे दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

आणि मी स्वतःला वाचवायला निघालो. आमची पद्धत सांगितली. पेशंटला सांगत नाहीत, धीर खचतो. घरच्यांना सांगतात. "मी लपवलं नाही हो," मी म्हणालो. "मी त्याच दिवशी तुमच्या बायकोला सगळं सांगितलं होतं."

ओट्यावरचा सुरीचा आवाज थांबला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे त्याला माहीत नव्हतं. तिने त्याला सांगितलं नव्हतं, आणि मी तिला सांगितलंय हेही सांगितलं नव्हतं. सहा आठवडे ती रोज त्याच्या गुडघ्याला तेल चोळत होती. तो फोनवर नाही म्हणाला तेव्हा ती शेजारी बसलेली होती. स्वतःचा जीव सोडवायला मी तिला पुढे ढकललं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती वळली नाही. त्यांच्या भाषेत त्याने एक वाक्य म्हटलं, आवाज न चढवता. तिने सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि आतल्या खोलीत गेली. मी वर आलो. बायकोला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "अहो, तिचं नाव कशाला घेतलंत?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर खालून बोलण्याचा आवाज येईना. टीमने जानेवारीअखेर त्याला मोकळं केलं. गावची जागा गेलेलीच होती. फेब्रुवारीच्या शेवटी तिने घरी जायचं तिकीट काढलं, आई आजारी आहे म्हणून. त्याला गाडी चालवता येत नव्हती. सकाळी तिला एअरपोर्टवर मी सोडलं. बॅगा उतरवून दिल्या. ती म्हणाली, "मी परत येणार नाही. त्याला तुम्ही सांगू नका. मी तिकडून पत्र लिहीन, हळूहळू." आणि आत गेली.

मी परत आलो तेव्हा तो दार उघडं टाकून बसला होता, पाय स्टुलावर. माझी वाट बघत असणार.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली."

"परत येणार आहे?"

जिभेवर 'बघू' आलं होतं. खरंच सांगतो, आलं होतं. ते मी गिळलं.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, दोनदा. रागावलेला वाटला नाही. मला वाटतं, तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"बघा डॉक्टर," तो म्हणाला, "त्या दिवशीसुद्धा मी एवढंच मागितलं होतं."

मी बाहेर आलो. मग दार मीच ओढून घेतलं, कारण त्याला उठता येत नव्हतं.